शकुंतलेचे फोटो काढा, पण फाटकांचे आणि मोऱ्यांचे आधी

आमच्या भागात गळ्यात कॅमेरा अडकवलेला बाहेरगावचा माणूस दिसला की लोक त्याला न विचारताच रुळाची वाट दाखवतात. तो कशासाठी आला हे पोरासोरांनाही ठाऊक असते. अचलपूर, पथ्रोट, अंजनगाव, कापूसतळणी, लेहगाव, बनोसा, लाखपुरी आणि मूर्तिजापूर या वाटेवर धावणारी आपली अडीच फुटी शकुंतला बंद पडली, आणि बंद पडल्यावर तिचे पाहुणे वाढले. कुणी गंजलेल्या रुळाचा फोटो काढतो, कुणी स्टेशनाच्या पिवळ्या पाटीचा, कुणी भिंतीतून उगवलेल्या पिंपळाचा. मग ते फोटो पुण्या-मुंबईच्या लोकांच्या मोबाइलवर फिरतात आणि दोन-चार दिवसांनी आपल्याही मोबाइलवर येतात.

त्यांचे फोटो चांगलेच असतात. तक्रार एवढीच की त्यात गाडी आहे, गाव नाही. कापसाची गाठोडी घेऊन बसलेले माणूस नाही, बैलगाडी रुळावरून पार करणारा शेतकरी नाही, रुळाखालच्या मोरीतून वावरात जाणारे पाणी नाही. आणि हे सगळे ज्याने पाहिले त्याच्या, म्हणजे आपल्या घरात शोधू गेलो तर गाडीचा एकही फोटो सापडत नाही.

हे असे का झाले, याचे कारण सोपे आहे. गाडी जोरात होती तेव्हा कॅमेरा लग्नाला यायचा. छत्तीस फोटोंचा एक रोल, फार तर दोन. त्यात मुंडावळ्या, सप्तपदी, जावईबापू, व्याही आणि जेवणाची पंगत बसवता बसवता रोल संपे. रोज दारावरून जाणाऱ्या गाडीवर फोटो कोण वाया घालवणार? रोजच्या बैलाचाही फोटो कुणी काढला नाही, तो पोळ्याला काढला. हातोहाती मोबाइल आले तेव्हा गाडीचे दिवस भरत आले होते. एका शेतकऱ्याने मला विचारले, “काहून फोटो काहाडता साहेब? गाडी तं बंद पडली.” प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर जरा लांबलचक आहे, म्हणून हा लेख.

आधी थोडी माहिती, म्हणजे नव्या पिढीला गाडी कळावी. ही लाइन बांधणारी मंडळी किलिक निक्सन या मुंबईतल्या इंग्रज फर्मची. तिने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. उद्देश सरळ होता. वऱ्हाडातला कापूस आतल्या गावांतून उचलायचा, मूर्तिजापूरला मोठ्या लाइनवर चढवायचा, तिथून मुंबई बंदर आणि पुढे मँचेस्टरच्या गिरण्या. मूर्तिजापूर मध्ये, उत्तरेला अचलपूर ७६ किलोमीटर, दक्षिणेला कारंजा, दारव्हा करत यवतमाळ ११३ किलोमीटर. दोन्ही मिळून १८९ किलोमीटरचा हा फाटा. रुळांमधले अंतर अडीच फूट. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेले झेडडी जातीचे वाफेचे इंजिन १९२३ मध्ये इथे कामाला लागले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी उतरवले गेले. सत्तर वर्षे! एवढी वर्षे चाललेली दुसरी कोणती यंत्रसामग्री आपल्या तालुक्यात असेल तर मला कळवावे. त्यानंतर डिझेल इंजिन आले. मालकी कंपनीची आणि गाडी चालवणार सरकारी रेल्वे, असा हा जगावेगळा संसार स्वातंत्र्यानंतरही टिकला. त्या मालकीवरून पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यात मी पडत नाही. शकुंतला हे नाव कसे पडले याच्याही कथा गावागणिक वेगळ्या आहेत, त्याही बाजूला ठेवू.

गाडीचा वेग हा सगळ्यांच्या आवडीचा विषय. ७६ किलोमीटरला चार तास धरा, म्हणजे ताशी वीसच्या आत. चालत्या गाडीतून उतरून बोरे तोडली आणि परत डब्यात बसलो, हा किस्सा आपल्याकडे प्रत्येक म्हातारा माणूस स्वतःच्या नावावर सांगतो. हाच किस्सा मी जळगाव जिल्ह्यातल्या पाहुण्यांकडून पाचोरा-जामनेरच्या गाडीबद्दलही ऐकला आहे, तेव्हा थोडी सूट द्यावी. पण गाडी हळू चालण्यामागे इंजिनाइतकीच आपली जमीनही होती, हे सांगितले पाहिजे. काळी कपाशीची जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वावरातल्या भेगेत हात जातो, हे आपण दर मे महिन्यात पाहतो. त्याच जमिनीवर रुळाचा भराव. तो एका जागी कधी बसत नाही, कुठे खचतो, कुठे उचलतो. घराच्या भिंतीला तडा जातो तसाच प्रकार. अशा जमिनीवर हलके रूळ टाकून गाडी पळवता येत नाही.

खारपाणपट्ट्यातून गोड्या पाण्याकडे

शेतीच्या नजरेने पाहिले तर मूर्तिजापूर-अचलपूर हा प्रवास म्हणजे चार तासांची शिवारफेरीच होती. मूर्तिजापूर सोडले की लाखपुरीजवळ पूर्णा नदी. हा सगळा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. विहीर खोदली तर पाणी खारे, पिकाला दिले तर जमीन चोपण होते. म्हणून इथे पिके पावसावरची. कापूस, तूर, मूग आणि ओल टिकली तर रब्बीत हरभरा. दर्यापूरला लागून असलेले बनोसा स्टेशन या पट्ट्याच्या ऐन मध्यात. लेहगाव झाले, मग कापूसतळणी. गावाच्या नावातच कापूस आहे, यापेक्षा जास्त काय सांगावे? पुढे अंजनगाव सुर्जी आले की हळूहळू चित्र पालटते. पाण्याची चव बदलते आणि तिच्याबरोबर पीकही. पानमळे, पानपिंपळी, केळी, आणि पथ्रोटपासून अचलपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याला संत्र्याच्या बागा.

मी नोकरीला लागलो तेव्हा एका जुन्या सहकाऱ्याने सांगितले होते की, तालुका समजून घ्यायचा तर जीपने फिरू नको, एकदा शकुंतलेच्या खिडकीत बस. डांबरी रस्ता गावाच्या तोंडावरून जातो, तिथे दुकाने, टपऱ्या, फलक. रूळ मात्र वावराच्या पाठीमागून जातो. कुणाची कपाशी लाल पडली, कुणाच्या तुरीत पाणी साचले, कुणाचा धुरा फुटला, हे खिडकीतून दिसे. माणूस आपल्या शेताची पुढची बाजू नीट ठेवतो, मागची बाजू जशी असते तशी असते.

डब्यातही शेतीच बसलेली असे. टोपल्या, पोती, दुधाच्या कॅन, बाजाराला निघालेल्या बाया, शाळा-कॉलेजची पोरे, लग्नाचे वऱ्हाड. तिकीट एसटीपेक्षा कितीतरी स्वस्त, त्यामुळे ज्याच्याजवळ पैसा कमी आणि वेळ जास्त तो गाडीने जाई. मोलमजुरी करणारा माणूस, म्हातारे जोडपे, लेकरे घेऊन माहेरी निघालेली बाई. गाडीचे नोकरही मोजकेच. मधल्या स्टेशनांवर माणूस नाही म्हणून गार्डच उतरून तिकिटे देई. फाटक आले की गाडी थांबणार, माणूस उतरून फाटक लावणार, गाडी पार झाली की उघडणार आणि परत चढणार. बाहेरच्याला हे गमतीचे वाटे. आपल्या लोकांना त्यात विशेष काही वाटत नसे, कारण आपल्याकडे बहुतेक कामे अशीच एका माणसाच्या अंगावर असतात.

कापूस मात्र फार आधीच गाडीतून उतरला होता. जिनिंगपर्यंत ट्रक जाऊ लागले, नंतर ट्रॅक्टर-ट्रॉली घरोघरी आली. वावरातून थेट जिनच्या फाटकात. मग स्टेशनावर नेऊन चढवा, मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत पालटा, हा खटाटोप कोण करील? संत्रा तर सुरुवातीपासून घाईचे पीक, त्याला वीसचा वेग परवडणारा नव्हता. ज्या मालासाठी लाइन टाकली तो माल गेला आणि ज्या माणसांचा विचार टाकणाऱ्याने केला नव्हता ती माणसे शेवटपर्यंत राहिली. हे मला या गाडीच्या इतिहासातले सगळ्यात लक्षात ठेवण्यासारखे वाटते.

निरोपाचा दिवस नव्हताच

गाडी बंद पडली ती एका झटक्यात नव्हे. आधी यवतमाळची बाजू थांबली, मग अचलपूरची. रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांच्या काळात, २०१६ मध्ये, मोठी लाइन करण्यासाठी सुमारे दीड हजार कोटी रुपयांच्या मंजुरीची बातमी आली, पेढे वाटले गेले. त्यानंतर मोर्चे झाले, निवेदने झाली, अचलपूरला सत्याग्रह झाला. यवतमाळला आता वर्ध्याकडून नवी लाइन येते आहे, तिचा वर्धा ते कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. म्हणजे यवतमाळला रेल्वे मिळेल, पण ती दुसऱ्या वाटेने.

या सगळ्यात एक गोष्ट राहून गेली. ‘ही शेवटची गाडी’ असे कुणी सांगितलेच नाही. सध्या बंद आहे, काम निघाले आहे, पुढे पाहू, असे करता करता ती बंदच झाली. पाचोरा-जामनेरच्या लोकांचे तर याहून वाईट झाले. मार्च २०२० मध्ये कोरोनाची टाळेबंदी लागली, सगळ्या देशाच्या गाड्या थांबल्या. बाकीच्या हळूहळू सुटल्या, ती लहान गाडी सुटली नाही. नागपूर-नागभीडची लहान लाइन नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली ती मोठ्या लाइनसाठी, तारीख ठरवून. तारीख माहीत असली की माणूस कॅमेरा घेऊन जातो, लेकरांना दाखवायला नेतो, शेवटचे तिकीट खिशात जपून ठेवतो. तारीखच नसली की काहीच करत नाही. आजारी माणसाकडे उद्या जाऊ, परवा जाऊ म्हणतो, तसे.

म्हणून शकुंतलेचा शेवटचा फोटो कुणी काढला हे सांगता येत नाही. ती संधी गेली. पण लाइन अजून पुरती गेलेली नाही. काही ठिकाणी रूळ दिसतात, काही ठिकाणी ते गवतात आणि बाभळीत बुडाले आहेत, काही ठिकाणी डांबराखाली गेले आहेत. भराव आहे, मोऱ्या आहेत, पूल आहेत, फाटकाच्या जागा आहेत. मोठ्या लाइनचे काम ज्या दिवशी उभे राहील त्या दिवशी यातले बरेच काही यंत्राच्या एका फावड्यात निघून जाईल. काम उभे राहिलेच नाही तर पाऊस, चोर आणि अतिक्रमण मिळून तेच करतील, फक्त जरा सावकाश.

फाटक म्हणजे नुसते फाटक नव्हे

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. सरपंच, पोलीस पाटील, ग्रामपंचायत अधिकारी आणि महसुली मंडळींनी हा भाग जरा लक्ष देऊन वाचावा ही विनंती.

लहान लाइन शंभर वर्षांपूर्वी वावरे कापत गेली. एकाच माणसाचे अर्धे शेत रुळाच्या अलीकडे, अर्धे पलीकडे, असे कितीतरी ठिकाणी झाले. पण गाडी हळू, दिवसातून एक-दोन फेऱ्या, त्यामुळे त्रास जाणवला नाही. जिथे पांदण तिथे बैलगाडी रुळावरून पार होत आली. आज तिथूनच ट्रॅक्टर जातो, पेरणीयंत्र जाते, कापसाची ट्रॉली येते. पुष्कळांना वाटते की हा रस्ता कायमचाच आहे.

मोठ्या लाइनवर असे चालत नाही. ब्रॉडगेजवरची बिनचौकीदाराची फाटके रेल्वेने जानेवारी २०१९ पर्यंत सगळ्या देशात संपवली. काही बंद केली, काहींवर माणूस नेमला, काही शेजारच्या फाटकाला जोडली, काही ठिकाणी रस्ता रुळाखालून भुयारी केला. अपघात कमी होण्यासाठी ते बरोबरच आहे, त्याला विरोध करण्याचे कारण नाही. पण याचा अर्थ असा की शकुंतलेच्या जागी मोठी गाडी आली तर आपल्या आजच्या पांदणीच्या जागा जशाच्या तशा राहणार नाहीत. कुठे वळसा पडेल, कुठे भुयारी रस्ता होईल. आणि सपाट काळ्या जमिनीतला भुयारी रस्ता पावसाळ्यात काय होतो हे ज्यांच्याकडे असा रस्ता झाला त्यांना विचारा. पाणी उपसेपर्यंत ट्रॅक्टर घरी.

त्या वेळी अधिकारी विचारतील की इथून कोण जाते, किती जण जातात, कशाने जातात. आपण म्हणू, “बापजाद्यापासून जातो.” ते म्हणतील, दाखवा. दाखवायला काय आहे? गावनकाशा आहे, सातबारा आहे, तेवढ्यावर रोजची वहिवाट दिसत नाही. कापसाने भरलेली ट्रॉली रुळावरून पार होतानाचा तारीखवार फोटो दहा वाक्यांचे काम करतो. फोटो म्हणजे हक्काचा कागद नव्हे, हा गैरसमज नको. पण स्थळपाहणीच्या आणि पंचनाम्याच्या वेळी तो सोबत असला की बोलणे हवेत राहत नाही.

मोऱ्यांचेही तसेच. खारपाणपट्ट्यातली जमीन जवळजवळ सपाट, पाण्याला उतार कमी. त्यात रुळाचा भराव म्हणजे आडवा बांधच. पाणी एका बाजूला अडते आणि मोरी असेल तिथूनच पलीकडे जाते. शंभर वर्षांत दोन्ही बाजूंच्या वावरांनी त्याप्रमाणे आपली घडी बसवून घेतली आहे. कुणाचा धुरा त्या बेताने, कुणाची चारी त्या बेताने. उद्या भराव उंच झाला आणि एखादी मोरी बुजली किंवा पन्नास पावले सरकली, तर एकाची तूर पाण्याखाली जाईल आणि दुसऱ्याची माती वाहून जाईल. आणि जिथे भरावच काढला जाईल तिथे आजवर अडलेले पाणी मोकळे सुटेल, तेही कुणाच्या तरी वावरातून. आजची मोरी कुठे, किती रुंद, पाणी कुठून कुठे वाहते, हे आज टिपले नाही तर उद्या भांडणाशिवाय काही उरणार नाही. धुऱ्यावरचे भांडण किती पिढ्या चालते हे मी शेतकऱ्यांना सांगायला नको.

फोटो कसा काढावा

फोटो काढणे आता कुणाला शिकवायला नको. ई-पीक पाहणी २०२१ मध्ये सुरू झाली तेव्हापासून आपण आपल्या पिकाचा फोटो वावरात उभे राहून, मोबाइलचे लोकेशन चालू ठेवून काढतो. तोच शिरस्ता इथे लावायचा. लोकेशन चालू असले की फोटोबरोबर जागा आणि वेळ आपोआप नोंदली जाते.

एका जागेचे तीन फोटो पुरेत. एक लांबून, त्यात ओळखीची खूण दिसावी, झाड, विहीर, देऊळ, विजेचा खांब. दुसरा जवळून. तिसरा रुळाच्या दुसऱ्या बाजूने. मोरी असेल तर तोंडाशी कासरा किंवा खुणा केलेली काठी धरून एक माणूस उभा करावा, म्हणजे रुंदी-उंचीचा अंदाज येतो. किलोमीटरचा दगड किंवा पुलाचा आकडा कुठे शाबूत असेल तर तो आवर्जून घ्यावा. सोबत वहीत गट नंबर, दोन्ही बाजूंच्या खातेदारांची नावे आणि तारीख लिहून ठेवावी. नुसता फोटो दहा वर्षांनी मुका होतो.

एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो बारीक होतो आणि त्यातली जागेची नोंद निघून जाते. गावच्या ग्रुपवर टाकला म्हणजे जपला, असे समजू नये. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. मूळ फोटो ग्रामपंचायतीच्या संगणकावर एका फोल्डरमध्ये उतरवून ठेवावेत, आणि एक प्रत शाळेत किंवा वाचनालयात. दोन ठिकाणी असले की एक तरी वाचते. १ मे किंवा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत गावच्या हद्दीतली फाटके, पांदणी आणि मोऱ्या यांची यादी वाचून ठरावाला जोडली तर फारच चांगले. त्याला खर्च नाही.

आणि हो, फोटोच्या नादात पूर्णेच्या पुलावर चढू नये. गवतात पाय टाकताना काठी आपटावी, भरावाच्या भेगांत सापांची घरे आहेत. रूळ, स्लीपर, बोल्ट ही कुणाची बेवारस मालमत्ता नाही, ती उचलून आणणाऱ्याचा फोटो मात्र जरूर काढावा.

म्हाताऱ्या माणसांना काय विचारावे

गाडी आठवणाऱ्यांत सगळ्यात जास्त माहिती असते ती जुन्या गँगमनना. यातले कितीतरी याच गावांतले, शेतकरी-मजुरांच्या घरातले. रोज ठरलेला तुकडा पायी तुडवायचा, चाव्या ठोकायच्या, खडी भरायची. कोणती मोरी कोणत्या पावसात तुंबते, भराव कुठे खचतो, हे त्यांना पाठ असते, एखाद्या इंजिनिअरच्या नकाशापेक्षा नेमके. ही माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांना रुळावर घेऊन जावे, मोरीजवळ उभे करावे आणि मोबाइलचे रेकॉर्डिंग लावून बोलू द्यावे. घरी खाटेवर बसून विचारले तर, “काय सांगू बावा, लई वर्सं झाले,” एवढेच म्हणतात. जागेवर गेले की आपसूक बोलतात.

प्रश्नही बारीक विचारावेत. ‘गाडी कशी होती’ असे विचारले की सगळे ‘मस्त होती’ म्हणतात, तिथे संपते. गाठोडे किती वजनाचे असे, डब्यात कोण चढवून देई, हमाली काय पडे, चुकली तर परत कसे येत, मूर्तिजापूरला रात्र कुठे काढत, असे विचारावे. बायांना वेगळे विचारावे, कारण त्यांची गाडी वेगळी होती. कुणी बाळंतपणाला माहेरी गेली ती या गाडीने, कुणाचे आजारी लेकरू अकोल्याला नेले ते या गाडीने. एका आजींनी मला सांगितले की त्यांच्याकडे घड्याळ नव्हते, सकाळच्या गाडीची शिटी ऐकली की त्या निंदणाला निघत. गाडी उशिरा आली की मजुरीला उशीर, आणि वावराचा मालकही त्याच शिटीवर चालणारा, म्हणून भांडण होत नसे.

जुने फोटो अगदीच नाहीत असेही नाही, फक्त ते गाडीचे म्हणून काढलेले नाहीत. लग्नाचे अल्बम उघडा. वऱ्हाड स्टेशनावर उतरले असेल तर नवरदेवाच्या मागे डबा सापडेल. गुरुजींच्या बदलीचा निरोप, शाळेची सहल, भजनी मंडळ पंढरपूरला निघाले तो दिवस, अशा फोटोंच्या कडेला सिग्नल, पाटी, वजनकाटा दिसू शकतो. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नये, फाटतो. तसाच सावलीत ठेवून, फ्लॅश न लावता, वरून सरळ मोबाइलने फोटो घ्यावा. सुटा फोटो असेल तर मागे पेन्सिलीने नावे लिहावीत, बॉलपेनने नको, त्याची शाई पुढे उमटते. तालुक्याच्या गावी जुने फोटो स्टुडिओवाले आहेत, त्यांच्या माळ्यावर निगेटिव्हचे खोके पडलेले असतात. दुकान मुलाच्या हाती गेले की पहिल्यांदा तेच खोके रद्दीत जाते. त्यांना एकदा भेटावे.

झेडडी इंजिन होते तेव्हा परदेशी लोकही वाफेच्या इंजिनांचे फोटो काढत हिंदुस्थानभर फिरत. त्यांच्या फोटोंत इंजिनाचा नंबर नीट दिसतो, बाजूला उभा असलेला माणूस कोण हे कुणालाच माहीत नसते. तो आपल्यापैकी कुणाचा तरी आजा असणार. असा फोटो कुणाच्या हाती आला तर गावातल्या जाणत्या माणसाला दाखवावा आणि नाव लिहून घ्यावे.

वेळेचे एवढेच लक्षात ठेवावे. मोऱ्यांचे आणि भरावाचे फोटो मे महिन्यात, पेरणीच्या धांदलीआधी काढून घ्यावेत. पहिला पाऊस पडला की पंधरा दिवसांत गवत माजते आणि मोरीचे तोंड दिसेनासे होते. दुसरा फोटो त्याच जागेचा ऑगस्टमध्ये, पाणी वाहत असताना. पांदणीचा फोटो कापूस वेचणीत, भरलेली ट्रॉली पार होताना घ्यावा, आणि ट्रॅक्टरवाल्याला सांगून एक मिनिट रुळावरच थांबवावे.